भिंत, आवाज आणि किब्ल्याची दिशा

माझ्या मावसभावानं दोन वर्षांपूर्वी नेरळला वन-बीएचके घेतला. भायखळ्याच्या चाळीतून आलेल्या माणसाला दहा बाय चौदाचा हॉल म्हणजे मैदानच. सामान लागलं, पडदे लागले, आणि मग रात्री त्याचा फोन आला. "भाईजान, स्पीकर कुठल्या भिंतीला लावू?"

प्रश्न साधा वाटला म्हणून रविवारी कर्जत लोकल पकडून गेलो. तिथं गेल्यावर कळलं की प्रश्न साधा नाही.

पश्चिमेची भिंत किब्ल्याची. आपल्या भागातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेलं. खालाची जानमाज त्या भिंतीसमोर अंथरलेली असते आणि स्पीकरच्या जोडीकडे तोंड करून पाच वेळा नमाज पढायला ती तयार नव्हती. तिचं बरोबरच होतं. शिवाय पावसाची झड येते तीही याच बाजूनं. कर्जत-खालापूरच्या पावसात पश्चिमेची भिंत जुलैत घामेजते आणि ऑगस्टमध्ये तिचे पापुद्रे सुटतात. जुन्या घरांना या बाजूनं पेंढ्याच्या किंवा झावळ्यांच्या झडपा बांधायचे ते उगाच नाही. उत्तरेला गॅलरी, दक्षिणेला स्वयंपाकघर आणि बेडरूमचे दरवाजे. उरली पूर्वेची भिंत. ती शेजाऱ्यांशी सामाईक, चार इंची.

स्पीकरच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की मागच्या भिंतीपासून तीन फूट अंतर ठेवा. पूर्वेकडून तीन फूट सोडले, पश्चिमेला नमाजसाठी चार फूट सोडले, मध्ये सोफा ठेवला, तर चहाच्या टीपॉयलाही जागा उरत नव्हती. हे माहितीपत्रक ज्यांच्यासाठी लिहिलंय ते लोक वेगळ्या घरांत राहतात हे उघड होतं. पण भिंतीजवळ ठेवलेला आवाज ही काही कमीपणाची, नाइलाजाची गोष्ट नाही. तिचा इतिहास लांबलचक आहे, आणि त्यातला पहिला भाग आपल्या मशिदीतच सापडतो.

इमाम नमाज पढवतो तेव्हा त्याची पाठ जमातीकडे असते आणि तोंड भिंतीकडे. बोलणारा भिंतीशी बोलतो आणि ऐकणारे त्याच्या मागे उभे. सभागृह बांधणाऱ्या कुठल्याही इंजिनिअरला ही रचना उलटी वाटेल. ती चालते याचं कारण समोरची भिंत. इमामाचा आवाज दोन-तीन फुटांवरच्या दगडावर किंवा विटेवर आपटतो आणि लगेच मागे फिरतो. इतक्या लगेच, की कानाला तो वेगळा प्रतिध्वनी वाटतच नाही, मूळ आवाजच भरदार झाल्यासारखा वाटतो. मेहराबीचा खोलगट कोनाडा हे काम आणखी नेटकं करतो. मेहराबीचं पहिलं काम अर्थातच दिशा दाखवणं. मदिन्याच्या मशिदीचं आठव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा बांधकाम झालं, तेव्हा उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या देखरेखीखाली तिथं खोलगट मेहराब आली, असं इतिहासकार सांगतात. आवाजाचा फायदा त्याबरोबर आला.

भिंत जिथपर्यंत आवाज पोचवू शकत नाही तिथं माणूस उभा केला गेला. मुकब्बिर. इमामाची तकबीर ऐकून तो ती मोठ्यानं पुढे म्हणायचा, मागच्या सफांना कळावं म्हणून. ईदगाहच्या मैदानावर असे अनेक मुकब्बिर लागत.

मग विसाव्या शतकात लाऊडस्पीकर आला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ च्या सुमारास कागदी कोन आणि तारेच्या वेटोळ्याचा जो स्पीकर मांडला, तोच थोड्याफार फरकानं आज तुमच्या-माझ्या घरात आहे. तो मशिदीत न्यावा की नाही यावर हिंदुस्थानच्या उलेमांमध्ये जी चर्चा झाली ती मला नेहमी फार मोलाची वाटते, कारण तिच्यातला कळीचा प्रश्न थेट ध्वनिशास्त्राचा होता. स्पीकरमधून येतो तो इमामाचा खरा आवाज की त्याची सदा, म्हणजे प्रतिध्वनी? हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत मसला आहे की सजद्याची आयत कुणी प्रतिध्वनीतून ऐकली तर त्याच्यावर सजदा वाजिब होत नाही. मग स्पीकरचा आवाज प्रतिध्वनी ठरला तर त्याच्यामागे रुकू-सजदा करणाऱ्याच्या नमाजचं काय? विज्ञानाच्या जाणकारांना विचारणा झाली. देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी आधी अशी नमाज होत नाही असं मत दिलं होतं, पुढे अधिक माहिती घेऊन ते बदललं. काही बरेलवी मशिदींमध्ये नमाजसाठी आजही माईक वापरत नाहीत, मुकब्बिरच असतो. आपण या वादाकडे 'मौलवींचा यंत्राला विरोध' म्हणून हसून पाहतो. पण मूळ आवाज कुठला आणि भिंतीनं परत पाठवलेला कुठला, हा प्रश्न पुढे पन्नास वर्षांनी अमेरिकेतले इंजिनिअर मोजपट्टी घेऊन सोडवत बसले होते. त्यांच्याकडे येतोच.

त्याआधी आपल्या तालुक्यांकडे पाहू. आवाजाला वीज लागते, आणि विजेच्या इतिहासात खालापूरचं नाव अगदी वरच्या ओळीत आहे. रेल्वे खोपोलीला १८५६ साली पोचली होती. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधून ते पाणी खाली खोपोलीत आणलं गेलं, आणि १९१५ साली टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली. तारा आमच्या डोक्यावरून गेल्या. खालच्या बऱ्याच गावांत मात्र दिवा लागायला १९६० मध्ये राज्याचं विद्युत मंडळ स्थापन होईपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वाट पाहावी लागली.

त्यामुळे इथल्या घरांत रेडिओ बऱ्याच ठिकाणी बॅटरीवर आला, आणि त्याची जागा ठरलेली होती. कोनाडा, किंवा आमच्याकडे ज्याला ताक म्हणतात तो. वरच्या ताकात कुरआनशरीफ, खालच्यात चिमणी नाहीतर कंदील, आणि कुणाकडे असलाच तर तिसऱ्यात रेडिओ, वर भरतकामाचा रुमाल घालून. पोस्टात दरवर्षी लायसन्सची फी भरावी लागायची. कोनाड्यातला रेडिओ घुमतो हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. "जरा बाहेर ओढ रे त्याला" असं आमचे आजोबा बातम्यांच्या वेळी म्हणायचे. मागे भिंत, दोन बाजूंना भिंत, वर भिंत, खाली फळी. पाच पृष्ठभागांनी मिळून खर्ज इतका फुगायचा की निवेदकाला सर्दी झाल्यासारखं वाटायचं.

ज्यांची घरं कुडाची होती त्यांचा अनुभव उलटा. कारवीच्या काठ्या उभ्या विणून वर माती-शेणाचा लेप, ही कर्जतच्या ठाकर-कातकरी वाड्यांची आणि गरीब मुसलमान घरांचीही भिंत. हलकी भिंत खर्ज अडवत नाही, तो आरपार निघून जातो. उंच स्वर तेवढे आत राहतात आणि तेही खडबडीत लिंपणात मुरतात. म्हणून तोच रेडिओ एका घरात ढोल वाटायचा आणि दुसऱ्या घरात पत्र्याचा डबा. लोक रेडिओला नावं ठेवायचे. दोष किंवा श्रेय भिंतीचं होतं.

सत्तरच्या दशकात तेलाचे भाव वाढले आणि कोकणातली माणसं आखातात गेली. म्हसळा, श्रीवर्धन, महाडकडून जास्त, आमच्याकडून कमी. त्यांच्याबरोबर टू-इन-वन परत आले. नॅशनल पॅनासॉनिक, सान्यो, अकाई ही नावं तेव्हा घरातल्या मुलांच्या नावांइतकी तोंडात होती. या यंत्रांवर कव्वाली वाजली, फिल्मी गाणी वाजली, आणि सगळ्यात जास्त वाजली ती मिसरच्या कारी अब्दुल बासित यांची किरात. १९२७ ते १९८८ एवढं त्यांचं आयुष्य. इथं अनेक घरांत संगीत वर्ज्य मानायचे, पण अब्दुल बासित यांचा लांबत जाणारा श्वास ऐकायला सगळे बसायचे. मला चांगला आवाज म्हणजे काय हे कळलं ते तिथं. अक्षराचा मखरज कानाला नेमका लागला की नाही, सीन आणि साद वेगळे ऐकू आले की नाही, एवढीच परीक्षा. टेप कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर ठेवलेला असला की ते वेगळे ऐकू यायचे नाहीत.

आता त्या अमेरिकन इंजिनिअरांकडे. पॉल क्लिप्श नावाच्या गृहस्थानं १९४० च्या दशकात अर्कान्सामधल्या होप गावी असा स्पीकर बांधला की तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवल्याशिवाय पूर्णच होत नाही. कोपऱ्याच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग. म्हणजे अर्धा स्पीकर तो विकायचा, अर्धा तुमच्या गवंड्यानं आधीच बांधून ठेवलेला असायचा. 'क्लिप्शहॉर्न' अजूनही विकला जातो. पण तो कपाटाएवढा. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यानं उलटा मार्ग धरला. पेटी लहान आणि हवाबंद, आतली कोंडलेली हवाच कोनची स्प्रिंग. त्याचा एआर-१ पुस्तकांच्या फळीवर मावत होता, आणि लहान घरात खर्ज शिरला तो त्याच्यामुळे.

व्हिलचरच्याच कंपनीत काम करणाऱ्या रॉय ॲलिसन यानं पुढचा प्रश्न विचारला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत सरळ रेषेत वाजणारा स्पीकर घरात गेल्यावर बिघडतो का? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं सहकाऱ्याबरोबर खऱ्या घरांच्या दिवाणखान्यांत मोजमाप केलं आणि १९७४ मध्ये निष्कर्ष मांडले. ते आजही जसेच्या तसे लागू आहेत.

स्पीकरची पेटी वीतभर रुंद असते. उंच स्वरांची लहर काही सेंटिमीटरची, ती टॉर्चच्या झोतासारखी पुढे जाते. खर्जाची लहर मोठी. शंभर हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास, पन्नासची सात मीटर. एवढी मोठी लहर वीतभर पेटीला जुमानत नाही. ती पेटीला वळसा घालून मागेही जाते, भिंतीवर आपटते आणि परत येते. भिंत अगदी जवळ असेल तर परत आलेली लहर पुढे जाणाऱ्या लहरीत मिसळून तिला बळ देते. एका पक्क्या भिंतीमुळे सहा डेसिबलपर्यंत वाढ होऊ शकते, कोपऱ्यात आणखी. पण भिंत लहरीच्या पाव लांबीइतकी दूर असेल तर परत आलेली लहर नेमकी उलटी पडते आणि मूळ स्वराला खाऊन टाकते. एक मीटरवर शंभराच्या खाली, साधारण ८६ हर्ट्झला खड्डा पडतो. दोन फुटांवर तो १४० च्या आसपास येतो. तबल्याचा डग्गा, पुरुषाच्या आवाजाचा पाया, किरातीचा सगळा भार याच पट्ट्यात असतो. म्हणजे छोट्या हॉलमध्ये लोक समजूतदारपणा म्हणून जे दोन-तीन फुटांचं अंतर ठेवतात तेच सगळ्यात वाईट. एकतर खूप दूर न्या, नाहीतर भिंतीला चिकटवा. चिकटवल्यावर खड्डा वर सरकून अशा स्वरांवर जातो जे बहुतेक पुढेच जातात, मागे फारसे वळत नाहीत, म्हणून तो जाणवत नाही.

यात एक मेख आहे. अंतर मोजायचं ते पेटीच्या पाठीपासून नाही, कोनच्या तोंडापासून. फूटभर खोल पेटी भिंतीला टेकवली तरी कोन फूटभर लांबच राहतो. म्हणून भिंतीजवळ ठेवायला उथळ पेटी बरी. आणि मागची भिंत, बाजूची भिंत, जमीन ही तिन्ही अंतरं सारखी असू नयेत, नाहीतर तिन्ही खड्डे एकाच जागी पडून विहीर होते. ॲलिसननं स्वतःची कंपनी काढून जे स्पीकर बनवले त्यांत खर्जाचे कोन जमिनीलगत आणि भिंतीलगत बसवले होते.

ब्रिटनमध्ये लहान ओळीघरांत राहणाऱ्या लोकांना हे बोलून दाखवायची गरज नव्हती. ग्लासगोच्या लिन कंपनीनं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भिंतीजवळ ठेवण्यासाठीच एक छोटा स्पीकर काढला. त्याचं नाव 'कान'. मराठी माणसानं ठेवल्यासारखं. बीबीसीनं जवळपास त्याच काळात केलेला एलएस ३/५ए हा तर प्रक्षेपणाच्या गाडीत, पत्र्याच्या भिंतींमध्ये बसून ऐकण्यासाठी होता.

एवढं डोक्यात घेऊन आम्ही मावसभावाच्या हॉलमध्ये बसलो. त्यानं आणलेल्या स्पीकरना मागच्या बाजूला भोक होतं, म्हणजे पोर्ट. तो खर्ज वाढवण्यासाठीच असतो. त्यात भिंत आणखी वाढवणार. परिणाम, बिर्याणीवर दुसऱ्यांदा तूप. दुकानदारानं 'भिंतीला लावा, काही होत नाही' असं सांगून दिले होते. पोर्टमध्ये पायमोजा गुंडाळून घातला तर पंचवीस टक्के प्रश्न सुटला (आकडा माझ्या कानाचा). शेवटी ते बदलून हवाबंद पेटीचे घेतले. हवाबंद स्पीकरचा खर्ज खाली हळूहळू उतरतो आणि भिंत बरोबर तिथंच हात देते. कोनची कडा फोमची नको, रबराची पाहून घेतली. फोमच्या कडा आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत चुरमुऱ्यासारख्या गळतात. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुने चांगले स्पीकर स्वस्त मिळतात त्याचं एक कारण हेच. लॅमिंग्टन रोडला कडा बदलून मिळतात, पण हात चांगला हवा.

ब्रॅकेटवर टांगायचा विचार सोडून दिला. या नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या असतात. त्यात साधा रॉलप्लग धरत नाही, आणि धरला तर स्पीकरची थरथर थेट भिंतीत, म्हणजे शेजारच्या घरात जाते. दोन जड लोखंडी स्टँड केले, खोपोलीतल्या फॅब्रिकेटरकडून. खाली रबराचे तुकडे. मागच्या भिंतीपासून चार बोटं, बाजूच्या भिंतींपासून दोन फूट आणि तीन फूट, मुद्दाम असमान.

परीक्षेला सूरह रहमान लावली. पहिल्या दिवशी कारीसाहेब छातीतून बोलत होते. स्पीकर बोटभर पुढे, किंचित आत वळवले. तोंडातून बोलू लागले. एक गोष्ट मात्र आम्ही ठरवलेली नव्हती. खालाच्या नमाजसाठी सोफ्यामागे चार फूट मोकळे सोडले होते, आणि ऐकणाऱ्याचं डोकं मागच्या भिंतीपासून लांब असलं की खर्ज कमी घुमतो. किब्ल्याची जागा सोडली नसती तर सोफा भिंतीला लागला असता आणि सगळी मेहनत वाया गेली असती.

राहिली चार इंची भिंत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आपण लाऊडस्पीकर म्हणजे मशीद-मंदिर-डीजे एवढ्यापुरते समजतो. घरातल्या खासगी यंत्रालाही ते लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्याहून पाचच्या वर जाता कामा नये. पण हे डेसिबल ज्या 'ए' मोजपट्टीनं मोजतात ती खर्जाला फार कमी धरते. ६३ हर्ट्झचा आवाज ती २६ डेसिबलनं कमी दाखवते. म्हणजे यंत्र म्हणेल सगळं ठीक, आणि भिंतीपलीकडच्या माणसाच्या उशीत मात्र धपधप चालू. कर्जतच्या हळदींतले डीजे ज्यांनी दोन गल्ल्या पलीकडून ऐकलेत त्यांना हे सांगायला नको. गाणं ओळखू येत नाही, नुसता ठोका येतो. हद्दीचा कायदा पाळून शेजाऱ्याचा हक्क मारता येतो, हे मला त्या दिवशी प्रथम नीट कळलं. आणि आपल्याकडे शेजाऱ्याचा हक्क ही काही लहान बाब नाही.

म्हणून आम्ही पलीकडे गेलो. एक निवृत्त शिक्षिका राहतात, एकट्या. भाऊ म्हणाला, "मॅडम, मी लावतो, तुम्ही तुमच्या पलंगावर बसून ऐका." त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे थांबलो होतो. भिंतीतून बारीकसा खर्ज येत होता, शब्द नाहीत. त्या म्हणाल्या, "एवढं चालेल. पण रात्री साडेनऊनंतर नको, मी लवकर झोपते." मग जरा थांबून, "आणि सकाळी ते तुमचं काय लागतं, पठण, ते थोडं मोठं केलंत तरी चालेल. तेवढीच सोबत."

भावानं भिंतीवर पेन्सिलीनं आवाजाच्या बटणाची खूण करून ठेवली आहे. साडेनऊची वेगळी, फजरनंतरची वेगळी.